आल्बर्ट नायसर
आल्बर्ट नायसर (२२ जानेवारी, १८५५ – ३० जुलै, १९१६) हे जर्मन त्वचारोगतज्ज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. परमा या लैंगिक संसर्गजन्य रोगाचा जीवाणू त्यांनी शोधून काढला.

जीवन
नायसर यांचा जन्म सायलेशियातील श्वाइडनिट्स (आता पोलंडमध्ये) येथे एका ज्यू डॉक्टरांच्या घरी झाला. ब्रेस्लाउ येथील शाळेत पॉल एर्लिख हे त्यांचे सहाध्यायी होते. १८७७ मध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते तेथील त्वचारोग चिकित्सालयात रुजू झाले आणि पुढे त्याचे प्रमुख झाले.

संशोधन
रोग्यांच्या पुवाचे नमुने मिथिल व्हायोलेट या रंगद्रव्याने रंगवून नायसर यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. १८७९ मध्ये त्यांना जोडीजोडीने आढळणारे गोलाकार जीवाणू दिसले. १८८५ मध्ये या प्रजातीला ‘नायसेरिया’ हे नाव देण्यात आले. कुष्ठरोगाच्या जीवाणूच्या शोधाच्या श्रेयावरून मात्र त्यांचा नॉर्वेच्या हान्सेन यांच्याशी वाद झाला. १९०६ मध्ये वासरमान व ब्रुक यांच्यासह त्यांनी उपदंशाची रक्तचाचणी विकसित केली.

वाद
उपदंशावर लस शोधताना नायसर यांनी १८९२ मध्ये रोग्यांच्या रक्तातील द्रव काही स्त्रियांना संमतीविना टोचला. त्यांत वेश्याही होत्या. त्यांपैकी काहींना पुढे उपदंश झाला. या प्रकरणी त्यांना दंड झाला. १९०० मध्ये प्रशियाच्या शासनाने, रोग्याच्या संमतीविना असे प्रयोग करू नयेत, असा आदेश काढला.

वारसा
नायसर यांच्या हयातीत परम्यावर प्रतिजैविके उपलब्ध नव्हती. नंतर आलेली सल्फा औषधे १९४० च्या दशकातच निष्प्रभ ठरू लागली. पेनिसिलिन निकामी करणारे विकर तयार करणारे वाण १९७६ मध्ये आढळले. रंगवलेल्या काचपट्टीवरून जीवाणूचे अस्तित्व कळते, पण कोणते औषध लागू पडेल हे कळत नाही. त्यासाठी जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून, औषधाच्या किती कमी मात्रेने त्यांची वाढ थांबते, हे मोजावे लागते. अमेरिकेत १९८६ पासून असे नियमित सर्वेक्षण होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९९० च्या दशकात आपला कार्यक्रम सुरू केला. एखाद्या औषधाला न जुमानणारे वाण ५ टक्क्यांवर गेल्यास उपचार बदलावा, असा या संघटनेचा निकष आहे. सेफ्ट्रायॅक्सोन हे आज प्रमुख औषध असून त्यालाही दाद न देणारा वाण २००९ मध्ये जपानमधील क्योटो येथे आढळला. त्यामुळे नायसर यांनी ओळख पटवून दिलेल्या या जीवाणूवर सतत पाळत ठेवणे आवश्यक झाले आहे.