मातीविना टोमॅटो पिकवणारे गेरिके

मैत्रिणींनो, पंचवीस फूट उंचीचा टोमॅटोचा वेल कधी पाहिलाय? आपल्याकडे बांबू-तारेवर चढवलेलं टोमॅटोचं झाड फार तर आपल्या डोक्याच्या वर जातं. पण अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात एका गृहस्थांनी घरामागच्या जागेत दुमजली घराएवढे वेल वाढवले होते. आणि तेही मातीचा कण न वापरता, नुसत्या पाण्यावर! ही गोष्ट १९३० च्या दशकातली. त्या गृहस्थांचं नाव विल्यम फ्रेडरिक गेरिके.

या गेरिकेसाहेबांची आठवण निघाली ती आमच्या कासुर्डीच्या बचत गटात. गटातल्या एक ताई पुण्याला लेकीकडे चार दिवस राहून आल्या. लेकीच्या ओट्यावर मिक्सरशेजारी एक पेटी. खाली पाणी, वर दिवा, आणि मध्ये वीतभर झाडाला बोराएवढे लालबुंद चेरी टोमॅटो. ताईंनी हे सांगितल्यावर निम्म्या बायका हसल्या. आमच्या यवत-कासुर्डीकडे टोमॅटो कॅरेटनं मोजतात, भाव पडला की बांधावर ओततात, तिथे ओट्यावरच्या दहा-वीस टोमॅटोंचं काय कौतुक? उरलेल्या निम्म्या मात्र गप्प होत्या. त्या बहुतेक भूमिहीन घरातल्या. त्यांचा प्रश्न सरळ होता. माती लागतच नसेल, तर गटातून कर्ज काढून अशा दोन-चार पेट्या घेतल्या तर चालेल का? कर्जाचा विषय निघाला की मी जरा सावध होते. म्हणून मग गेरिकेंचं आयुष्य नीट वाचून काढलं.

झाड माती खात नाही, मातीतले क्षार पाण्यात विरघळतात ते पिऊन जगतं, हे शास्त्रज्ञांना आधीच माहीत होतं. जर्मनीत झाक्स आणि क्नोप या दोघांनी १८६० च्या सुमारास बाटलीत क्षारांचं पाणी भरून रोपं वाढवून दाखवली होती. पण बाटली राहिली प्रयोगशाळेत. पुढची साठ-सत्तर वर्षं ती संशोधनापुरती आणि विद्यार्थ्यांना शिकवण्यापुरतीच वापरली गेली.

गेरिके कॅलिफोर्निया विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे संशोधक होते. त्यांनी विचारलं, की बाटलीत जे होतं ते पोटापाण्यासाठी का होऊ नये? १९२९ साली त्यांनी या कल्पनेवर पहिला निबंध छापला. त्यांची रीत ऐकून तुम्हाला स्वयंपाकघरच आठवेल. एक उथळ टाकी, मोठ्या परातीसारखी. त्यात नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह असे क्षार विरघळवलेलं पाणी. टाकीवर तारेची जाळी, आणि जाळीवर पेंढा किंवा भुशाचा थर. रोप त्या थरात उभं राहायचं आणि मुळं जाळीतून खाली पाण्यात लोंबायची. पाणी आणि जाळी यांच्यामध्ये थोडी मोकळी हवा ठेवायची, कारण मुळांनाही श्वास लागतो. शेतात चार दिवस पाणी साचलं की टोमॅटो मान टाकतो, तो त्यामुळेच. मला विचाराल तर गेरिकेंची खरी हुशारी त्या मोकळ्या हवेत होती.

टोमॅटो तर आलाच, शिवाय बटाट्यासारखी पिकंही त्यांनी घेतली. मग या पद्धतीला नाव ठेवायची वेळ आली, म्हणजे बारशाचं नाव हं! आधी सुचलेलं नाव पाण्यातले जीव पाळण्याच्या धंद्याला दिलेलं निघालं. तेव्हा सेचेल नावाच्या सहकाऱ्यांनी ग्रीक भाषेतून ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द सुचवला. हायड्रो म्हणजे पाणी, पोनोस म्हणजे कष्ट. १९३७ मध्ये गेरिकेंनी तो छापून जगापुढे ठेवला. त्या नावात कष्ट आहेत हे जाहिराती करणारे सोयीस्कर विसरतात.

दुसऱ्या नावाची वेळ, म्हणजे नावं ठेवण्याची, तीही लगेच आली. वर्तमानपत्रांनी पंचवीस फुटी वेल उचलून धरले. तो काळ अमेरिकेत मंदीचा, काही प्रांतांत तर सुपीक माती वावटळीनं उडून गेलेली. मातीविना पीक म्हटल्यावर लोकांना ते जादूसारखं वाटलं नसतं तरच नवल. लगेच बाजारात पुड्या आणि टाक्या विकणारेही उगवले. घरबसल्या भरघोस भाजी, असा एकूण सूर.

विद्यापीठात मात्र वेगळंच चाललं होतं. सुरुवातीला या प्रयोगांसाठी गेरिकेंना काचघरात जागाच मिळाली नाही. म्हणून त्यांनी ते घरी, स्वतःच्या वेळात केले. नाव झाल्यावर मात्र विद्यापीठानं त्यांच्याकडे क्षारांचं प्रमाण मागितलं. गेरिके अडून बसले. आधी जागा आणि वेळ द्या, पद्धत पक्की करू द्या, मग देतो, अशी त्यांची भूमिका होती. जागा अखेर मिळाली, पण त्याच वेळी होगलंड आणि आर्नन या दोन सहकाऱ्यांना त्यांचे दावे तपासायला बसवलं गेलं. ज्यानं घरातल्या अंगणात सगळं उभं केलं, त्याला हे किती झोंबलं असेल! १९३७ साली गेरिकेंनी विद्यापीठ सोडलं.

होगलंड-आर्नन यांची पुस्तिका १९३८ मध्ये निघाली. पाण्यावर पीक उत्तम येतं, पण चांगल्या जमिनीपेक्षा जास्त येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. उत्पन्न किती येणार हे उजेडावरही ठरतं, पाण्यात जादू नाही. याच पुस्तिकेतलं क्षारांचं प्रमाण पुढे जगभर वापरलं गेलं. मला विद्यापीठाची वागणूक पटत नाही, पण हा निष्कर्ष पटतो. माणसावर अन्याय झाला म्हणून त्याचा प्रत्येक दावा खरा ठरत नाही.

गेरिके घरी बसून कुढले नाहीत. १९४० मध्ये त्यांनी मातीविना बागेवर सविस्तर पुस्तक लिहिलं. मातीच नाही तिथे त्यांची विद्या सोनं ठरली. प्रशांत महासागरातल्या वेक बेटावर विमानं थांबत, तिथे ताजी भाजी विमानानं आणणं परवडेना, म्हणून पाण्याच्या टाक्यांत ती पिकवली गेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं असेन्शन नावाच्या खडकाळ बेटावर अशीच भाजी घेतली. आपल्या देशात शोल्टो डग्लस या इंग्रज गृहस्थांनी १९४६ मध्ये बंगालातल्या कालिंपाँगला प्रयोग सुरू केले. महागडे पंप नकोत, खडी-वाळूत साध्या हातानं जमलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९५१ साली त्यांनी त्यावर पुस्तक काढलं. ही बंगाली रीत मला आपल्या परिस्थितीला जास्त जवळची वाटते.

गटाच्या पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं, आणि पेटीसाठी कर्ज नको असं स्पष्ट म्हटलं. त्या पेटीतला निम्मा खर्च दिव्याचा. फ्लॅटमध्ये ऊन येत नाही म्हणून टोमॅटोला रोज चौदा-सोळा तास दिवा लावतात. आपल्याकडे ऊन फुकट आणि लाइटचा भरवसा नाही! गेरिकेंनीही सूर्यावरच पिकवलं होतं. ज्यांना हौस आहे त्यांनी थर्माकोलचा जुना खोका, आत जाड प्लास्टिक, झाकणाला भोकं आणि बुटक्या जातीचं चेरी टोमॅटोचं रोप एवढ्यावर सुरुवात करावी. झाकण घट्ट हवं. उजेड आत गेला की शेवाळ धरतं, आणि उघड्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, डेंग्यूच्या दिवसांत ते नकोच. ड्रिपमधून सोडायचं एकोणीस-एकोणीस खत नुसतं टाकून भागत नाही, त्यात कॅल्शियम नसतं, मग टोमॅटोचं बूड काळं पडतं. कॅल्शियम नायट्रेट वेगळं विरघळवून घालावं लागतं. दोन्ही घट्ट एकत्र कालवलं तर खाली साका बसतो. फुलं आली की घरात वारा नसतो, तेव्हा झुबका बोटानं हलकेच टिचकावायचा, म्हणजे फळ धरतं.

तिघीजणींनी खोके धुऊन ठेवले आहेत. त्यातल्या एकीच्या घराला अंगण नाही, पूर्वेकडची एक खिडकी आहे. तिचा खोका त्या खिडकीत बसतो का, हे आम्ही उद्या टेपनं मोजणार आहोत.