डॉ. द्वारकानाथ कोटणीस : चीनमध्ये राहिलेला सोलापूरचा डॉक्टर



डॉ. कोटणीसांवरचा मुलांचा निबंध बहुतेकदा ‘ते चीनला गेले व त्यांनी जखमींची सेवा केली’ इथेच संपतो. पण गेले तर पाच डॉक्टर होते! कोटणीस तिथेच राहिले, हे मुलांना आवर्जून सांगा.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. डॉक्टर झाले ते मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला. चीनचे सेनानी झू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. आपण स्वतःच पारतंत्र्यात, तरीही लोकांकडून निधी जमवून पथक पाठवलं गेलं. डॉ. अटल प्रमुख, सोबत चोळकर, बसू, मुखर्जी आणि सत्तावीस वर्षांचे कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये ते मुंबईहून बोटीने निघाले.

चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. घरी परतायला याहून मोठं कारण काय असणार? ते परतले नाहीत. पुढे एकेक सहकारी मायदेशी निघून गेला.

जखमी सैनिकाला कुठे दुखतंय हे कळायला त्याची भाषा यायला हवी ना! कोटणीस चिनी बोलायला शिकले, लिहा-वाचायलाही शिकले आणि तिथल्या तरुणांना चिनी भाषेतूनच वैद्यक शिकवू लागले. (आपल्याला, शिक्षकांना, ही गोष्ट जास्त भावते.) १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्यावर आली. डॉ. बेथ्यून कॅनडाचे. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन ते १९३९ मध्ये तिथेच वारले होते. रुग्णालय युद्धाच्या धामधुमीत, खेड्यापाड्यांतून चाले.

तिथे परिचर्या शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ; ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.

अपस्माराचे झटके येत होते, तरी काम थांबलं नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय फक्त बत्तीस. चिनी भाषेत शस्त्रक्रियेवर लिहायला घेतलेलं पुस्तक अर्धवटच राहिलं.

वर्गात आशियाचा नकाशा लावला की मुलांना सोलापूर दाखवा आणि बीजिंगच्या खाली शिजियाझुआंग शोधायला सांगा. त्यांची समाधी तिथे आहे.