अण्णांचे जामीनदार

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे कमिटीने सांगितले. माझे आयुष्य बँकेत गेले. कर्जाची फाईल हातात आली की मी आधी जामीनदाराचे नाव बघायचो. कर्जदार कितीही चांगला असला, तरी अडचणीच्या दिवसांत मागे कोण उभे आहे, यावर बरेच अवलंबून असते. थोर माणसांची चरित्रे वाचतानाही ती सवय सुटली नाही. म्हणून आज महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे अण्णा, यांच्याबद्दल आणि त्यांच्या जामीनदारांबद्दल लिहितो.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. गाव कोकणातले मुरूड, परिस्थिती बेताची. १८७५ साली परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्याला पायी गेले, तेही घाट चढून. तिथे पोहोचल्यावर वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही! दुसरा कोणी असता तर कायमचा घरी बसला असता. अण्णा पुढे १८८१ साली मॅट्रिक झाले आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले.

मुंबईत शिकवण्या करत संसार चालला होता. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी आणि ते एकत्र बिऱ्हाड करून राहत. नरहरपंतांची बालविधवा बहीण गोदूबाई त्याच घरात होती. अण्णांच्या पत्नी राधाबाई आणि गोदूबाई एका चुलीवर स्वयंपाक करत. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी झाली ती ही गोदूबाईच.

१८९१ साल अण्णांना फार जड गेले. राधाबाई वारल्या. पदरात लहानगा रघुनाथ. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांना फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावून घेतले. खचलेल्या माणसाला कोणीतरी हक्काने कामाला लावणे, हाही मोठाच आधार असतो.

पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असे अण्णांनी ठरवले. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्या आनंदीबाई झाल्या, पुढे सारे जण त्यांना बाया म्हणू लागले. मुरूडकरांनी बहिष्कार घातला. अण्णा घरी उतरले तर आई-भावंडांनाही वाळीत टाकायचे, असे गावाने ठरवले. ज्या गावासाठी जीव तुटायचा, तिथे आपल्याच घरात उतरायची चोरी! बाहेरच्यांचा राग सोसता येतो हो, पण आपल्यामुळे आईला त्रास व्हावा, हे दुःख निराळे.

अशा वेळी कोण उभे राहिले? मित्र नरहरपंत आता मेहुणे झाले होते. कॉलेजातली नोकरी शाबूत राहिली, १९१४ पर्यंत अण्णा तिथे शिकवत होते. १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली, तेव्हा डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या विद्वानाने अध्यक्षपद घेतले. प्लेगच्या काळात आश्रम पुण्याबाहेर हलवायची वेळ आली, तर रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि झोपडी बांधायला ७५० रुपये दिले. १९०० साली आश्रम तिथे गेला. अण्णा कॉलेज सांभाळून हिंगण्याला पायी जात-येत.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा. त्या आश्रमात शिकल्या आणि पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या, अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. आणि बाया? अण्णा मिळकत आश्रमाकडे वळवत, घर मात्र बायांनी ओढले. हे जामीनपत्र कुठल्याच फाईलमध्ये सापडायचे नाही.

१९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यासाठी १५ लाखांची देणगी जाहीर केली. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, अण्णांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ ला ते गेले. तोपर्यंत बाया, नरहरपंत, गोखले, भांडारकर यांपैकी कोणीच उरले नव्हते.

आता थोडे घरचे. काही वर्षांपूर्वी जनरल बॉडीत मी एका शेजाऱ्यांच्या जिन्यातल्या कुंड्यांवरून बराच वाद घातला होता. वर्षभर आमचे बोलणे बंद. त्यानंतरच्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता आमच्या सौ.च्या छातीत दुखू लागले. मुलगा परदेशी. दार वाजवायला समोरचे एकच घर होते, ते त्यांचेच. मी बेल दाबली, तेव्हा हात थरथरत होता, थोडा भीतीने आणि थोडा लाजेने. त्यांनी एक शब्द न बोलता गाडी काढली. पुढचे आठ दिवस त्यांच्या घरून डबा येत होता. सौ. आज ठणठणीत आहेत. कुंड्याही जागेवरच आहेत, हल्ली त्यांना पाणी मीच घालतो.

पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, टाकी दुरुस्त केली, रंग काढला. त्याचा हिशोब ताळेबंदात आहेच. पण कोण कोणाला जामीन राहिले, हेही प्रत्येकाने एकदा आठवून बघावे. ज्यांची नावे आठवतील, त्यांच्या घरी या समारंभाच्या निमित्ताने चहाला जाऊन यावे. मीही निघालोच आहे.