फोन लागणार की नाही, याचं गणित मांडणारा डेन्मार्कचा मास्तर

मॅच सुटल्यावर स्टेडियमबाहेर कधी फोन लावून बघा. टॉवर समोर दिसतोय, रेंज फुल्ल आहे, पण कॉल काही लागत नाही. कारण टॉवरकडे चॅनल मोजकेच असतात. किती लोकांना किती चॅनल पुरतील, हे गणित ज्याने सोडवलं, तो माणूस मोबाईल यायच्या कितीतरी आधी, 1929 सालीच गेला.

अग्नर क्रारूप एर्लांग.

जन्म 1 जानेवारी 1878, डेन्मार्कमधलं लोनबोर्ग गाव. वडील शाळामास्तर. भावाच्या समोर बसून त्याच्या हातातलं पुस्तक हा पोरगा उलट्या बाजूने वाचायचा. 14 व्या वर्षी खास परवानगी काढून त्याने कोपनहेगन विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली आणि पासही झाला. 1901 साली गणितात एम.ए. आणि मग काही वर्षं मास्तरकी.

गणितवाल्यांच्या मंडळात त्याची गाठ योहान येन्सनशी पडली. येन्सन कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनिअर. 1908 साली एर्लांग तिथे रुजू झाला.

कंपनीपुढे सवाल पैशाचा होता. लाईन कमी टाकल्या तर गिऱ्हाईक ताटकळणार, जास्त टाकल्या तर खर्च अंगावर येणार. मग नेमक्या किती?

पुढचा कॉल कधी येईल हे कुणालाच सांगता येत नाही. पण हजारो कॉल मिळून एका नियमाने येतात, हे एर्लांगने 1909 साली दाखवलं. 1917 साली त्याने थेट सूत्रच दिलं. इतक्या लाईन आणि इतकं बोलणं असेल, तर शंभरातले किती कॉल परत फिरतील, हे त्यातून काढता येतं. गडी नुसता टेबलावरचाही नव्हता. केबलमधली मोजमापं घ्यायला शहरातल्या मॅनहोलमध्ये उतरायचा, मागे शिडी घेतलेला कामगार.

आता खरी गंमत बघा. शंभरात दोन कॉल अडले तरी चालतील असं धरा. 10 चॅनलवर एका वेळी सरासरी 5 जणांचं बोलणं भागतं. शेजारच्या टॉवरच्या 10 वर आणखी 5, म्हणजे एकूण 10. पण तेच 20 चॅनल एकत्र ठेवले तर 13 जणांचं भागतं! चॅनल तेवढेच आहेत, एकही वाढवलेला नाही. चॅनल कायमचे वाटून न टाकता गर्दी बघून इकडून तिकडे द्यायचे, या ॲडॅप्टिव्ह पद्धतीचा फायदा इथूनच कळतो. अर्थात शेजारच्या दोन टॉवरनी एकाच वेळी तोच चॅनल धरला तर सिग्नल एकमेकांत घुसतात, त्यामुळे ही उसनवारी जपूनच करावी लागते.

एर्लांगने लग्न केलं नाही. जवळपास 20 वर्षं त्याच कंपनीत काढली, आजारपणाची रजा घेतली नाही. शेवटी पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल झाला आणि 3 फेब्रुवारी 1929 ला, वयाच्या 51 व्या वर्षी गेला.

1946 साली टेलिफोनच्या वर्दळीच्या मापाला 'एर्लांग' हे नाव मिळालं. पुढे एरिक्सन कंपनीत एक प्रोग्रॅमिंग भाषा तयार झाली, तिचंही नाव एर्लांग. तुम्ही ज्या व्हॉट्सॲपवर ही पोस्ट फॉरवर्ड कराल, त्याचे सर्व्हर याच भाषेवर उभे राहिले.