कुठला फाय कुठल्या इफचा? या गुंत्याशी आयुष्यभर भांडलेला डाइकस्ट्रा

बॅशमध्ये स्क्रिप्ट लिहिणाऱ्या कुणालाही विचारा. एका इफच्या आत दुसरा इफ, त्याच्या पोटात तिसरा आणि शेवटी फाय, फाय, फाय अशी रांग. कुठला फाय कुणाचा हे शोधताना रात्रीचे दोन वाजतात.

या गुंत्याच्या मागे हात धुऊन लागलेला गडी म्हणजे नेदरलँड्सचा एड्सगर डाइकस्ट्रा.

जन्म ११ मे १९३०, रॉटरडॅम. लायडनला भौतिकशास्त्र शिकता शिकता १९५२ पासून तो ॲमस्टरडॅमच्या गणित संस्थेत प्रोग्रॅमिंग करू लागला. १९५७ ला लग्न ठरलं तेव्हा नोंदणीच्या कागदावर त्याने व्यवसाय लिहिला प्रोग्रॅमर. असा व्यवसायच नसतो म्हणत अधिकाऱ्यांनी कागद नाकारला. मग गपगुमान भौतिकशास्त्रज्ञ लिहावं लागलं.

१९६० ला त्याने आणि याप झोनेव्हेल्डने अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर बनवला. काम होईपर्यंत दाढी करायची नाही असं दोघांनी ठरवलं होतं. डाइकस्ट्राने पुढेही दाढी ठेवलीच.

याच अल्गोलच्या काळात एक भांडण गाजलं. समजा लिहिलंय, पाऊस असेल तर, छत्री असेल तर बाहेर जा, नाहीतर घरी बस. आता हे नाहीतर कुणाचं? पाऊस नसेल तर घरी बसायचं, की छत्री नसेल तर? माणूस अंदाजाने ओळखतो, मशीनला नियम लागतो. ओळी आत सरकवून नीट मांडल्या तर डोळ्यांना अर्थ दिसतो खरा, पण बऱ्याच भाषांमध्ये मशीन ती मोकळी जागा मोजतच नाही. डोळ्याला दिसतं एक, चालतं भलतंच.

त्यात गो टू वापरून प्रोग्रॅममध्ये कुठूनही कुठेही उडी मारायची सोय. १९६८ ला डाइकस्ट्राने त्याविरुद्ध पत्र छापलं. गाजलेलं शीर्षक मात्र संपादक निकलाऊस वीर्थचं. १९७२ ला ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

१९७५ ला त्याने वेगळीच मांडणी सुचवली. त्यात एल्सच नाही. वर इफ, खाली फाय आणि मध्ये सगळ्या अटी एकाच पातळीवर, प्रत्येक पूर्ण लिहिलेली. पाऊस आहे आणि छत्री आहे, तर जा. पाऊस आहे आणि छत्री नाही, तर बस. पाऊस नाही, तर जा. एकही अट लागू झाली नाही तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो. म्हणजे विसरलेली अट लपून राहत नाही.

बॅशमधला फाय मात्र थेट त्याचा नाही. तो अल्गोल ६८ मधून स्टीफन बोर्नने युनिक्सच्या शेलमध्ये आणला. गंमत म्हणजे अल्गोल ६८ वर नाराजी नोंदवणाऱ्यांत डाइकस्ट्राही होता.

पुढे तो टेक्सास विद्यापीठात शिकवायला गेला. त्याची १३०० हून जास्त टिपणं आहेत, त्यातली बरीचशी फाउंटन पेनने हाताने लिहिलेली. ६ ऑगस्ट २००२ ला न्यूनेन इथल्या घरी तो कॅन्सरने गेला.