दोन निर्वासित समाजांची सोबतीण : उमादेवी



लग्नसराई आली की आपण कोल्हापूरहून गांधीनगरला कापड घ्यायला जातो. घासाघीस करतो, गाठोडे बांधून घेतो आणि घरी परततो. परंतु ज्या जागेवर ही घाऊक कापडाची पेठ उभी आहे तिथे पूर्वी कोण राहत होते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? त्या जागेची आणि तिथे येऊन गेलेल्या एका बाईची हकीकत आज तुम्हांला सांगावयाची आहे. घरदार गमावलेला माणूस परक्या मुलखात पुन्हा उभा कसा राहतो, हे तिच्यावरून कळते.

या बाईंचे नाव वांदा दिनोव्स्का. जन्म १८८८ सालचा, रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहरी. घराणे मात्र पोलिश. त्या काळी पोलंड नावाचे राज्यच नकाशावर नव्हते. रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया या तीन सत्तांनी तो देश आपसांत वाटून घेतला होता. राज्य नसले तरी भाषा जपली, पुस्तके जपली तर समाज मरत नाही, ही गोष्ट त्या पिढीने घरातच पाहिली. १९१८ साली पोलंड स्वतंत्र झाला. वांदाबाईंनी तिथे थिऑसॉफीच्या चळवळीत पुढाकार घेतला आणि १९३५ साली त्या भारतात आल्या. इथे त्यांनी साडी नेसली, उमादेवी हे नाव धारण केले, गांधीजींचा सहवास मिळविला आणि या देशालाच आपले घर मानले.

१९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून रशिया चालून आला. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसांना घराबाहेर काढून मालगाड्यांत कोंबण्यात आले आणि सायबेरिया व कझाकस्तानात नेऊन सोडण्यात आले. थंडीने, उपासमारीने आणि रोगराईने कितीतरी दगावली. पुढे जर्मनीने रशियावरच हल्ला केला तेव्हा या पोलिश कैद्यांची सुटका झाली. १९४२ साली त्यांतील अनेकजण कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचले. धडधाकट पुरुष फौजेत भरती झाले. राहिल्या त्या बायका, म्हातारी माणसे आणि मुले. काहींना आफ्रिकेने जागा दिली, काहींना मेक्सिकोने, काहींना न्यूझीलंडने. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोरक्या मुलांची सोय केली. आणि १९४३ साली आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार लोकांची छावणी वसली.

वाचकहो, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. कौलारू लांबच लांब बराकी. बर्फाच्या देशातली माणसे, आणि इथले ऊन, इथला पाऊस. घरातला कर्ता पुरुष दूर लढाईवर. तो परत येईल की नाही याचा भरवसा नाही. अशा स्थितीत या बायकांनी काय केले? नशिबाला बोल लावीत त्या बसून राहिल्या नाहीत. छावणीत प्राथमिक शाळा निघाल्या, माध्यमिक शाळा निघाली, हाताला काम शिकविणारे वर्ग निघाले. दवाखाना झाला, प्रार्थनामंदिर झाले, नाटके बसू लागली, बालवीरांची पथके उभी राहिली. मुले पोलिश भाषेतच शिकली. दोन वर्षे ज्यांच्या हाती पाटी-पुस्तक नव्हते ती पोरे वळिवड्यात परीक्षा देऊ लागली.

इथे उमादेवींचा संबंध येतो. वयाची पंचावन्न वर्षे उलटलेली ही बाई छावणीत येई, तरुण मुलामुलींना जवळ घेई आणि ज्या देशात ती आली होती तो देश त्यांना समजावून सांगे. त्यांना बरोबर घेऊन ती सहलींनाही निघे. कुंपणाच्या आत राहून दिवस मोजणारा माणूस निर्वासितच राहतो. बाहेरच्या माणसांची ओळख झाली की त्याची भीती जाते, हे त्या जाणून होत्या. त्यांनी मुलांना धान्याचे पोते दिले नाही. ते काम सरकारे करीत होती. त्यांनी मुलांना ओळख दिली.

याच सुमारास, १९४४ साली, मॉरिस फ्रिडमन या आपल्या पोलिश सहकाऱ्यासह त्यांनी एक ग्रंथमाला सुरू केली. हे फ्रिडमन म्हणजे औंध संस्थानात ग्रामराज्याचा प्रयोग उभारण्यास हातभार लावणारे भारतानंद. या मालेतून भारतीय ग्रंथ पोलिश भाषेत आले आणि पोलिश साहित्य भारतीय वाचकांपुढे आले. उमादेवींनी स्वतः भगवद्गीता पोलिश भाषेत उतरविली आणि भारतातील निरनिराळ्या भाषांतील साहित्याचे खंडच्या खंड पोलिश वाचकांसाठी सिद्ध केले. गाठीशी पैसा थोडा, पण काम वर्षानुवर्षे थांबले नाही.

१९४५ साली युद्ध संपले. पण छावणीतल्या बहुतेकांची गावे आता पोलंडमध्ये उरलीच नव्हती. सरहद्द पश्चिमेकडे सरकली होती आणि ती गावे रशियाच्या ताब्यात गेली होती. मग कोणी इंग्लंडला गेले, कोणी पोलंडला परतले, कोणी आणखी दूर देशी. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. आणि त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे येऊन राहिली. त्यांनी दुकाने थाटली, आणि वळिवड्याच्या छावणीचे गांधीनगर झाले. एकाच जागेत एकामागून एक दोन निर्वासित समाज पुन्हा उभे राहिले. पहिल्यांनी शाळेच्या बळावर, दुसऱ्यांनी व्यापाराच्या बळावर. आयत्या अन्नावर कोणीच नाही.

आता उमादेवींनी विश्रांती घेतली असती तर कोणी नाव ठेवले नसते. पण १९५९ साली दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले आणि त्यांच्यामागून सुमारे ऐंशी हजार तिबेटी बौद्ध हिमालय ओलांडून आले. सत्तरी ओलांडलेल्या उमादेवी धर्मशाळेला गेल्या आणि तिबेटी मुलांच्या सेवेला लागल्या. १७ मे १९६० रोजी रस्तेबांधणीच्या कामावरील तिबेट्यांची ५१ मुले तिथे आणली गेली. आजारी, अन्नान्न झालेली. त्यातून पुढे तिबेटी बालग्राम उभे राहिले. १९६१ साली भारत सरकारने तिबेटी मुलांसाठी स्वतंत्र शाळांची व्यवस्था केली. दक्षिणेत म्हैसूर राज्याने बायलाकुप्पे येथे जंगलाची जमीन दिली. तिबेट्यांनी ती साफ करून पिकविली आणि शेजारी विहार बांधले.

उमादेवींचा जन्म ख्रिस्ती समाजातला, अभ्यास गीतेचा आणि अखेरची सेवा बौद्ध मुलांची. मदत करताना त्यांनी समोरच्याचा धर्म विचारला नाही, आणि मदतीच्या मोबदल्यात कोणाचा धर्म मागितलाही नाही. तथागतांनी सांगितलेली करुणा याहून निराळी काय असते? २० मार्च १९७१ रोजी म्हैसूर येथे त्यांचे निधन झाले. बायलाकुप्पेची वसाहत तिथून ऐंशी-एक किलोमीटरवर आहे.

वळिवड्यात वाढलेली मुले पुढे अनेकदा कोल्हापूरला परत आली आणि आपली बराक कुठे होती ते शोधीत हिंडली. वॉर्सा शहरात २०१७ साली या छावणीचे स्मारक झाले; २०२४ साली भारताच्या पंतप्रधानांनी तिथे अभिवादन केले. इथल्या माणसांनी दिलेला आसरा ते विसरले नाहीत.

बंधुभगिनींनो, जुने घर सुटणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. सरहद्द न ओलांडताही माणूस घर बदलतो, आणि नव्या घरात पहिली काही वर्षे त्याला चाचपडावे लागते. कोणते सण करावयाचे, लग्न कसे लावावयाचे, शेजाऱ्याला काय सांगावयाचे, असे शंभर प्रश्न असतात. अशा वेळी वळिवड्याच्या त्या बायका आठवा. डोक्यावरचे कौल अजून आपले झाले नव्हते, तरी त्यांनी आधी मुलांची शाळा उभी केली. आणि उमादेवी आठवा. आपण सावरलो की जो आपल्यामागून आला आहे त्याच्याकडे वळावयाचे असते.

पुढच्या खेपेला गांधीनगरला जाल तेव्हा मुलांना बरोबर न्या. कापड घेऊन झाले की क्षणभर थांबा आणि ही हकीकत त्यांना सांगा.