नीआर्कस आणि मत्स्याहारींचा किनारा

नीआर्कस मूळचा क्रीट बेटाचा, शिकंदराचा मित्र. या मैत्रीपायी फिलिप राजाने त्यास हद्दपार केले होते. शिकंदराने गादीवर येताच त्याला परत बोलाविले. इ. स. पूर्व ३२५ मध्ये सिंधूच्या मुखापासून इराणी आखातापर्यंत आरमार नेण्याची कामगिरी त्याच्यावर आली. वाटेत मकराणचा ओसाड किनारा लागला. तेथील लोक सुक्या मासळीचे पीठ करून भाकरी भाजीत, मेंढरांसही मासळीच चारीत आणि देवमाशांच्या हाडांनी घरे उभारीत. सुकी मासळी आम्हां समुद्रकाठच्यांस नवी नाही. पण तिची भाकरी आम्हांसही नवलाची वाटते!

खलाशी उपाशी होते. एका गावाने भेटी देऊन आदर केला, तेच गाव नीआर्कसने कपटाने घेतले. हाती गहू-जव थोडे, मासळीचे पीठच फार लागले. या शूर दर्यावर्दीविषयी आम्हांस आदर आहे, तरी हे कृत्य आम्हांस रुचत नाही.

पुढे तो शिकंदरास भेटावयास गेला, तेव्हा खाऱ्या वाऱ्याने रापलेला, केस वाढलेला नीआर्कस त्याला शोधावयास आलेल्यांस ओळखूच आला नाही. त्याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एरियनने त्यातील वृत्तांत आपल्या ‘इंडिका’त घेतला, म्हणून ही हकीकत आपणांस ठाऊक आहे.